जलसंधारणाच्या तांत्रिक साहाय्याचा दर : किती द्यावा व कसा ठरवावा?

(न्यासाच्या महोत्सवी मेळाव्यात बासर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने गतवैभवाचे गुणगान करावे, देणगीदारांचे आभार मानावेत आणि खाली बसावे, असा आपला शिरस्ता आहे. आज मात्र विश्वस्त मंडळाने माझ्याकडे एक रुक्ष विषय सोपविला आहे. न्यासाच्या महोत्सवी निधीच्या व्याजातून सभासद कुटुंबांच्या शेतांवर मृद व जलसंधारणाची कामे करावयाची आहेत. त्यासाठी पाहणी, आराखडा आणि देखरेख करणारा जाणकार माणूस कंत्राटाने नेमावा लागेल. त्याला जास्तीत जास्त किती पैसे द्यावेत, हा आजचा प्रश्न. विषय हिशेबाचा आहे. पण त्या हिशेबात आपल्या शेतांची माती, दात्यांचा विश्वास आणि एका कष्टाळू माणसाची भाकरी अशा तीन गोष्टी गुंतल्या आहेत. म्हणून थोडे सविस्तर बोलतो.

आपल्या या स्थानाची कथा सर्वांना ठाऊक आहे. व्यास महर्षी गोदावरीत स्नान करून रोज मूठ मूठ वाळू आणीत आणि त्या वाळूतून त्यांनी येथे देवी घडविली, असे आपण लहानपणापासून ऐकतो. नदीने आणलेल्या कणांचे मोल जाणणारी ही भूमी आहे. पण आज नदी जे आणते आहे ते पुष्कळसे आपल्याच शेतांतून जाते. येथून खालच्या अंगाला पोचमपाडचे धरण आहे. २६ जुलै १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. त्या श्रीरामसागराची मूळ साठवणक्षमता ११२ टी. एम. सी. धरली होती, पुढे मोजणी झाली तेव्हा गाळामुळे ती सुमारे ९० टी. एम. सी. वर आल्याचे दिसले. हा गाळ म्हणजे गोदेच्या दोन्ही काठांवरील, मराठवाड्यातील आणि आपल्याकडील शेतकऱ्यांच्या शेताचा वरचा थर होय. जो थर तयार व्हावयास शतके लागतात, तो एका वळवाच्या सरीत नाल्याला लागतो.

तो अडवावयाचा कसा, हे आपल्या बापजाद्यांना ठाऊक होते. उताराला आडवा बांध, बांधाला सांडवा, सांडव्याखाली दगडी पिचिंग, नाल्याला ताल. तरीही केवळ ठोकताळ्याने काम भागत नाही. बांधाची पातळी वीतभर चुकली तर पाणी एका कोपऱ्यात साचते, तेथून बांध फुटतो आणि एका रात्रीत खालच्या शेतात घळ पडते. मग वरचा आणि खालचा शेतकरी सख्खे भाऊ असले तरी एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. ज्या विधवा भगिनीचे सगळे मिळून दोन एकर रान आहे, तिच्या शेतावर चुकीचा सांडवा सुटला तर तिची दाद कोण घेणार? म्हणून पातळीयंत्र लावणारा, मातीत हात घालून मुरूम किती खोल आहे ते पाहणारा माणूस हवा. त्याचे ज्ञान हेच तांत्रिक साहाय्य.

एके काळी हे साहाय्य बव्हंशी सरकारी नोकराकडून फुकट मिळत असे. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि सोलापूर, नगर, विजापूरकडे ताली-बांधांची कामे सरकारी देखरेखीखाली निघाली. १९५३ साली केंद्रीय मृदसंधारण मंडळ स्थापन झाले. आपला भाग तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबादला जोडली गेली. २०१६ पासून आपण निर्मल जिल्ह्यात आहोत. कचेऱ्या बदलल्या, दप्तराची भाषा बदलली. नाले मात्र पूर्वीच्याच वाटेने वाहतात. त्यांतले काही आज दोन राज्यांच्या सीमेवर आहेत, एवढाच फरक.

पुढे कामाचा पसारा वाढला आणि सरकारी माणसे अपुरी पडू लागली. हनुमंतराव समितीच्या शिफारशींवरून १९९५ पासून पाणलोट विकासाची नवी मार्गदर्शक तत्त्वे अमलात आली आणि स्वयंसेवी संस्थाही अंमलबजावणीत आल्या. तेथून ‘तांत्रिक कामाला पैसे किती’ हा प्रश्न आपल्या देशात ठळक झाला. त्याचे उत्तर आपल्याकडे प्रायः टक्क्यांत दिले गेले. २००८ च्या सामाईक मार्गदर्शक तत्त्वांत सपाट प्रदेशासाठी हेक्टरी १२,००० रुपये आणि डोंगराळ व दुर्गम भागासाठी १५,००० रुपये असा एकूण खर्च धरला होता. त्यातील १० टक्के प्रशासनाला, ५ टक्के संस्थाबांधणी व प्रशिक्षणाला, ५० टक्के प्रत्यक्ष कामांना, अशी वाटणी होती. आणि सविस्तर प्रकल्प अहवालाला १ टक्का. २०२१ च्या तत्त्वांत सपाट भागाचा दर हेक्टरी २२,००० व अवघड भागाचा २८,००० रुपयांपर्यंत गेला.

आता तो १ टक्का हातात घेऊन पाहा. १२,००० चा १ टक्का म्हणजे हेक्टरी १२० रुपये. चाळीस हेक्टरांच्या एका लहान नाल्याच्या क्षेत्राला ४,८०० रुपये. मोठ्या प्रकल्पात हजारो हेक्टर एकत्र आल्यामुळे हा पैसा थोडा पुरवठ्यास येतो, आणि २००८ चा रुपया आजच्यापेक्षा वजनदार होता, हे मी मान्य करतो. तथापि एवढ्या पैशात प्रत्येक गट नंबरात माणूस पायी फिरावा, शेतकऱ्याला सोबत घ्यावे, माती उकरून पाहावी, अशी अपेक्षा करणे कठीण आहे. मग काय होते? नकाशा कचेरीत बसून रंगविला जातो आणि अहवाल एका गावाचा दुसऱ्या गावाला चिकटविला जातो. दोष माणसाचा असतोच. पण काही दोष दराचाही असतो.

टक्केवारीत दुसराही एक धोका आहे. तंत्रज्ञाचे मानधन बांधकामाच्या खर्चाच्या टक्क्यांत ठरविले, समजा ५ टक्के, तर आठ लाखांच्या सिमेंट बंधाऱ्यावर त्याला ४०,००० रुपये मिळतात. तेच नाल्याच्या माथ्यापासून समतल बांध घालून गवत लावण्याचे काम एक लाखात झाले, तर ५,००० मिळतात. वास्तविक दुसऱ्या कामात पायपीट अधिक आणि पुण्यही अधिक. पण पैशाची वाट पहिल्याकडे जाते. आपण चांगल्या माणसालाही महागड्या कामाचा मोह घालतो. माथा सोडून पायथ्याशी बंधारे बांधण्याची जी चूक ठिकठिकाणी दिसते, तिच्या मुळाशी हे एक कारण आहे.

मग दुसरी रीत कोणती? या बाबतीत अमेरिकेचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथे १९३५ साली, वावटळींनी मैदानी प्रांतांची माती उडवून नेली त्या काळात, सरकारने मृदसंधारण सेवा स्थापन केली आणि तिचे नोकर शेतकऱ्याला बांधावर जाऊन सल्ला देऊ लागले. पुढे २००२ च्या शेती कायद्याने बाहेरच्या पात्र तंत्रज्ञांनाही हे काम देण्याची सोय केली. तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न आला, आणि त्यांनी दराची एक वरची मर्यादा काढण्याची पद्धत घातली. तिचे सार आपल्या भाषेत असे : हेच काम आपल्याच नोकराकडून करून घेतले असते तर खरोखर किती पडले असते, याचा प्रामाणिक हिशेब करावा, स्थानिक बाजारभाव पाहावा, आणि त्यावरून जी रक्कम निघेल तिच्यावर जाऊ नये. आराखडा, काम चालू असतानाचे साहाय्य आणि पूर्ण झाल्यावरची तपासणी यांचा विचार वेगवेगळा करावा. शेजारच्या राज्यांतील परिस्थिती सारखी असेल तर दरांचा मेळ घालावा. आणि दराचा दरवर्षी फेरविचार करावा. यात परदेशी असे काही नाही. घर बांधताना गवंड्याचा रोज ठरविणारा कोणताही शहाणा गृहस्थ हेच करतो.

आता आपला हिशेब मांडू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. न्यासाने आपले आकडे स्वतः चौकशी करून भरावेत.

प्रथम एका दिवसाची किंमत. समजा, असा तंत्रज्ञ आपण नोकरीस ठेवला असता तर महिना ४०,००० रुपये द्यावे लागले असते. वर्षाचे झाले ४,८०,०००. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, विमा यांसाठी २० टक्के म्हणजे ९६,००० मिळवा, एकूण ५,७६,०००. आता पुष्कळ लोक येथे ३६५ ने भागतात आणि चुकतात. माणूस ३६५ दिवस शेतावर नसतो. ५२ रविवार गेले, २० सणावारांच्या सुट्या गेल्या, १८ दिवस रजेचे, आणि भर पावसात काळ्या रानात पाय रुततो म्हणून व प्रशिक्षणासाठी मिळून ३५ दिवस गेले. उरले २४०. या २४० दिवसांनी ५,७६,००० ला भागले की दिवसाचे २,४०० रुपये येतात. यंत्राची झीज, नकाशे, छपाई, कचेरीचे भाडे यांसाठी १५ टक्के म्हणजे ३६० रुपये धरा. दिवसाचा खरा खर्च २,७६० रुपये. नुसता पगार ३६५ ने भागला असता तर सुमारे १,३१५ रुपये आले असते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ‘एवढा रोज कशाला?’ असा आक्षेप जे घेतात, त्यांच्या मनात बहुधा हा दुसरा आकडा असतो.

दुसरी बाब दिवसांची. चाळीस हेक्टरांचा, मध्यम उताराचा, वर मुरमाड आणि खाली काळा असा एक नाला घ्या. पाहणी व शेतकऱ्यांसह नियोजन ४ दिवस. आराखडा व अंदाजपत्रक ३ दिवस. आखणी व देखरेख ६ दिवस. अंतिम तपासणी २ दिवस. एकूण १५ दिवस. २,७६० ने गुणले की ४१,४०० रुपये. पट्टी धरणारा मदतनीस नियोजनाचे ४ व आखणीचे ६ असे १० दिवस, रोज ६०० प्रमाणे ६,००० रुपये.

तिसरी बाब प्रवासाची. शेतावरचे दिवस १२. जाऊन येऊन ६० किलोमीटर, किलोमीटरला १० रुपये, म्हणजे फेरीला ६०० आणि एकूण ७,२०० रुपये. तिन्ही मिळून ५४,६०० रुपये, हेक्टरी १,३६५. ही आपली कमाल मर्यादा. त्यावरचा कर लागू असेल तर तो निराळा दाखवावा, दरात लपवू नये.

हीच रक्कम टप्प्यांनी पाहा. नियोजन व आराखड्याचे २४,१२०, आखणी व देखरेखीचे २३,७६० आणि तपासणीचे ६,७२०. पैसेही त्या त्या टप्प्याला द्यावेत. आणि माझा आग्रह असा की तपासणी दुसऱ्या माणसाकडून व्हावी. स्वतःच्या उत्तरपत्रिकेला स्वतः गुण देण्याची मुभा आपण विद्यार्थ्याला देत नाही. तंत्रज्ञाला का द्यावी? तसेच ज्याने आराखडा केला त्यानेच खोदाईचे कंत्राट घेऊ नये. आराखड्याची काही रक्कम एक पावसाळा पाहून मग द्यावी, हेही बरे. मात्र ते करारात आधीच लिहिलेले असावे. काम झाल्यावर अडवून धरलेला पैसा म्हणजे अन्याय. आधी ठरवून मागे ठेवलेला पैसा म्हणजे सावधगिरी.

आता मर्यादेचा अर्थ नीट समजून घेऊ. मर्यादा म्हणजे किंमत नव्हे. कोणी ४५,००० रुपये मागितले आणि तो लायक असेल, तर ४५,००० द्यावेत. मर्यादा ५४,६०० आहे म्हणून वरचे ९,६०० वाटून टाकू नयेत. कोणी ६२,००० मागितले तर कारण विचारावे. नाला खरोखर अधिक बिकट असेल तर दिवसांचा हिशेब पुन्हा करावा, नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. आणि कोणी २०,००० मागितले तर आनंद मानू नये. आधी विचारावे, ‘आपण किती दिवस शेतावर येणार?’ कारण २०,००० म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम सात दिवस, आणि त्यात मदतनीस व प्रवास कोठेच नाहीत. तीन लायक माणसांनी दर मागितला आणि तिघेही मर्यादेच्या वर गेले, तर चूक त्यांची नसून आपल्या मर्यादेची असण्याचा संभव अधिक. मर्यादा ही शिळेवरची रेघ मानू नये.

दिवसांची संख्या ठरवावयाची कशी, हा खरा कळीचा प्रश्न आहे. त्यास एकच उपाय : पहिले दोन-तीन नाले नमुन्यादाखल घ्यावेत आणि रोजकीर्द ठेवावी. आज काय केले, किती तास लागले, कोणता शेतकरी हजर होता. त्यावरून सपाट काळ्या रानाचा एक दर, मुरमाड चढाचा दुसरा, आणि ज्या क्षेत्रात लहान लहान गट पुष्कळ आहेत त्याचा तिसरा, असे दर बसवावेत. चाळीस हेक्टरांत आठ खातेदार असणे आणि साठ असणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साठ जणांची संमती मिळविण्यास यंत्र लागत नाही, वेळ लागतो. त्या वेळेचेही मोल असते.

सीमेच्या प्रश्नाविषयी एक शब्द. आपले काही सभासद बासर-मुधोळकडे आहेत, काही धर्माबादकडे. इकडे एक दर आणि तिकडे दुसरा ठेवला, तर चांगला माणूस जिकडे दोन पैसे अधिक तिकडेच जाईल. माती एक, पाऊस एक, पीकही कापूस, सोयाबीन, तूर हेच. तेव्हा दिवसाचा दर दोन्हीकडे एकच असावा. फरक पडलाच तर प्रवासाच्या अंतराचा पडावा.

शेवटी एका नाजूक मुद्द्याकडे येतो. सभेत असे सुचविले गेले की, आपल्या समाजातील मुले आता अभियंते झाली आहेत, त्यांनी हे काम सेवा म्हणून विनामूल्य करावे. सूचना सद्भावनेची आहे. श्रमदानाची परंपरा मोठी आहे; महाराष्ट्रातील इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात अकुशल मजुरीच्या १६ टक्के वाटा गावाने श्रमदानाने उचलावा असा नियम होता, आणि त्याने गावे कामाला आपले मानू लागली. पण तेथे श्रमदान करणारा त्या शिवाराचा धनी होता. बांध झाला तर ओलावा त्याच्याच रानात राहणार होता. परगावी राहणाऱ्या तरुणाचे येथे शेत नाही. तो एखादा रविवार हौसेने देईल, दोन देईल. आखणीच्या ऐन घाईत, वैशाखाच्या उन्हात सहा दिवस देऊ शकणार नाही. आणि ज्याला आपण काही दिले नाही त्याला ‘सांडवा चुकला, पुन्हा कर’ असे म्हणण्यास आपली जीभ रेटत नाही. फुकटच्या कामाला जाब विचारता येत नाही. ज्याला सेवा करावयाची असेल त्याने आपले मानधन घ्यावे, पावती द्यावी आणि इच्छा असेल तर तीच रक्कम न्यासाला देणगी म्हणून परत करावी. म्हणजे सेवाही झाली, हिशेबही राहिला, आणि ज्या गरीब मुलाला रोजाची गरज आहे त्याचा दर पडला नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी चार सूचना ठेवतो. एक, दर टक्क्यांवर न ठरविता दिवसांवर ठरवावा. दोन, कमाल मर्यादेचा संपूर्ण हिशेब न्यासाच्या फलकावर लावावा; ज्याला वाचावयाचा त्याने वाचावा. तीन, आराखडा करणारा आणि तपासणारा वेगळा असावा. चार, दरवर्षी अक्षय्य तृतीयेपूर्वी दर पुन्हा तपासावा, म्हणजे उन्हाळी कामांना नव्या दराने हात घालता येईल.

दात्याने दिलेला रुपया जपून खर्च करणे हा विश्वस्तांचा धर्म आहे, याविषयी दुमत नाही. पण जपणे म्हणजे केवळ मूठ आवळणे नव्हे. बियाणे निवडताना आपण स्वस्तातले किडके दाणे घेत नाही. शेतावर येऊन मन लावून काम करणाऱ्या माणसाला त्याच्या दिवसाचे योग्य दाम द्यावे, त्यापेक्षा एक पैसा अधिक देऊ नये आणि एक पैसा कमीही देऊ नये. एवढे साधले, तर पुढच्या मृगात आपल्या रानातले पाणी रानातच थांबेल, आणि माती आपल्या मुलांसाठी राहील.